लोगोचा लोचा

शुक्रवार उजाडला की ऑफिसात फॉर्मल्सना सुट्टी आणि टी-शर्टांची परेड सुरू! एकाच्या छातीवर चे गव्हेरा, दुसऱ्याच्या पाठीवर गेल्या वर्षीच्या मॅरेथॉनचा नंबर. आणि तिसरा हमखास असा असतो, ज्याच्या टी-शर्टवरचा लोगो लांबून एकदम ओळखीचा वाटतो. जवळ जाऊन वाचलं की कळतं, अरे, स्पेलिंगमध्येच गंमत आहे! तीन पट्ट्यांच्या जागी गांजाचं पान आणि नावाच्या शेवटी ‘हॅश’. गोव्याला नाहीतर मनालीला जाऊन आलेल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक टी-शर्ट असतोच. अंजुणाचा बुधवारचा बाजार म्हणा, कुलाबा कॉजवे म्हणा, नाहीतर आपला फर्ग्युसन रोड... हा माल कुठे ना कुठे हँगरवर लटकलेला दिसतोच.

आपण हसतो, दोन-तीनशे रुपये मोजतो, विषय संपला. घालणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पण तोच टी-शर्ट छापून विकायचा ठरवला तर? मग मात्र लोगोचा लोचा सुरू होतो. आणि हल्ली विकायचं तर अर्ध्या कट्ट्याच्या डोक्यात आहे! एक इन्स्टा पेज, एक यूपीआयचा क्यूआर कोड आणि ओळखीचा प्रिंटिंगवाला, झाला ब्रॅण्ड तयार. म्हणून मंडळी, या आठवड्याचा विषय हाच.

पमा मावशीची उडी

माझा एक मित्र हिंजवडीत नोकरी करतो. दिवसा टेस्टिंग, रात्री फोटोशॉप. डोकं तिरकं, पण हात चांगला. त्याने टी-शर्टांसाठी सहा डिझाइन्स बनवली आणि त्यातलं एक तर सुपरहिट होतं. प्युमा या जर्मन कंपनीची झेप घेणारी ती जंगली मांजर तुम्हाला माहीतच आहे. त्याच पोजमध्ये याने काढली होती एक मावशी. नऊवारीचा काष्टा, हातात भाजीची पिशवी आणि नजर सुटणाऱ्या बसवर. (कागदोपत्री आता पीएमपीएमएल असली, तरी आपण पीएमटीच म्हणतो, ती.) बाजूला मूळ लोगोसारख्याच जाडजूड वळणाच्या देवनागरी अक्षरांत नाव, ‘पमा’. मी बघितलं आणि फुटलेच.

हिशेबही तयार होता. तिरुपूरहून कोरे टी-शर्ट मागवायचे, पुण्यातच स्क्रीन प्रिंटिंग करायचं. ३०० नग, नगाला २३० रुपये, म्हणजे ६९ हजार. वर्षाचा अख्खा बोनस! घरी वडिलांना हे प्रकरण आधीच पसंत नव्हतं. त्यामुळे पैसे बुडाले असते, तर ‘सांगितलं होतं ना?’ हे वाक्य त्याला दिवाळीपर्यंत ऐकावं लागलं असतं.

“तू जर्नालिझम केलंयस, तुला माहीत असेल,” तो म्हणाला. “यात लफडं नाही ना काही? मी काय डुप्लिकेट विकत नाहीये. मस्करी करतोय. मस्करीला कोण अडवणार?”

आता मास कॉमला आम्हाला मीडिया लॉचा एक पेपर होता खरा. त्यात अब्रुनुकसानी होती, कोर्टाचा अवमान होता, टी-शर्ट काही नव्हता. म्हणून मी त्याला घेऊन ट्रेडमार्कचंच काम करणाऱ्या एका वकील मॅडमकडे गेले. मॅडमनी डिझाइन पाहिलं आणि त्याही हसल्या. मित्राचा चेहरा एकदम खुलला. मग चष्मा सारखा करत त्या म्हणाल्या, “छान आहे. पण तुम्ही हे छापू नका.”

मस्करी माफ आहे का?

आपल्याकडचा ट्रेडमार्क्स ॲक्ट आहे १९९९ चा, अमलात आला २००३ मध्ये. या अख्ख्या कायद्यात ‘विडंबन’ हा शब्दच नाही! म्हणजे ‘साहेब, मी गंमत करत होतो’ असं म्हणून सुटायला वेगळी खिडकी ठेवलेलीच नाही. तुमचा विनोद कितीही भन्नाट असो, त्याला बाकीच्यांच्याच रांगेतून जावं लागतं.

ही रांग म्हणजे कलम २९. त्याचे आपल्या कामाचे दोन भाग आहेत. तुम्ही कपड्यांच्याच ब्रॅण्डची टिंगल कपड्यावर केली, तर प्रश्न येतो गोंधळाचा. टी-शर्ट त्याच कंपनीचा आहे असं लोकांना वाटण्याची शक्यता आहे का? एवढंच नाही, तर या दोघांचा काहीतरी संबंध असावा असं वाटण्याची शक्यता असली, तरी कंपनीला दाद मागता येते. ‘मुंबई-पुण्यासाठी काढलेली स्पेशल एडिशन असेल’ असं एखाद्याला वाटलं, की झालं काम.

आणि बिअर, बिस्किट किंवा बँकेच्या लोगोची टिंगल टी-शर्टवर केली तर? तिथे २९(४) येतं. ब्रॅण्ड नावाजलेला असेल आणि तुम्ही योग्य कारण नसताना त्याच्या नावलौकिकाचा गैरफायदा घेतला किंवा त्या नावाला धक्का लावला, तर वस्तू वेगळी असली तरी कंपनी तुम्हाला गाठू शकते. थोडक्यात, ‘ते चहा विकतात, मी कपडे विकतो’ हा फंडा दरवेळी चालत नाही.

एक गोष्ट मात्र मॅडमनी मुद्दाम वेगळी करून सांगितली. फॅशन स्ट्रीटवर मिळते ती ‘फर्स्ट कॉपी’ वेगळी आणि विडंबन वेगळं. हुबेहूब खोटा माल बनवणं आणि विकणं हा सरळ गुन्हा आहे. कलम १०३ आणि १०४ नुसार सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. पोलिसांच्या धाडी पडतात त्या मुख्यतः अशा मालावर. विडंबनवाल्याच्या दारात सहसा पोलीस येत नाहीत, येते वकिलाची नोटीस. पण विडंबन मुळाबरहुकूम झालं, तर ही रेषा पुसट होते, हेही लक्षात असू द्या.

नोटिशीनंतर दावा. कोर्ट विक्री थांबवू शकतं, भरपाई किंवा झालेला नफा द्यायला लावू शकतं, माल नष्ट करण्यासाठी सोपवायला सांगू शकतं. आणि कलम १३४ मुळे कंपनीला बऱ्याचदा स्वतःचा धंदा चालतो तिथल्या कोर्टात जाता येतं. म्हणजे तुम्ही बसलात कोथरूडला आणि तारीख पडली दिल्लीला! सुट्टी टाकायची, तिकीट काढायचं, वकील लावायचा. ६९ हजारांच्या धंद्याला हे कसं परवडणार?

“सुरुवात तर याहून शांतपणे होते,” मॅडम म्हणाल्या. कंपनी ऑनलाइन मार्केटप्लेसकडे तक्रार करते, तुमचं लिस्टिंग उडतं. पुन्हा पुन्हा झालं तर खातंच बंद. खरं-खोटं ठरवायला जज कुठे असतोच असं नाही. तुमचे ३०० नग मात्र पलंगाखाली पडून!

पूडल, पार्श्वभाग आणि कुत्र्याचं खेळणं

मित्राचं समाधान होईना. “पण बाहेर कोर्टं असल्या गोष्टी हसण्यावारी नेत असतील ना?” घरी येऊन आम्ही दोघांनी बाहेरच्या केसेस खणायला सुरुवात केली. आणि पहिल्याच अर्ध्या तासात त्याचा पोपट झाला.

झालं असं, की ‘पमा मावशी’ची एक जर्मन बहीण आधीच होऊन गेली होती! हॅम्बुर्गच्या एका डिझायनरने प्युमाच्या मांजरीसारखीच झेप घेणारा पूडल जातीचा कुत्रा काढला, वर तशाच अक्षरांत ‘पूडल’ लिहिलं आणि हे चिन्ह कपड्यांसाठी ट्रेडमार्क म्हणून चक्क रजिस्टर करून घेतलं. प्युमा कोर्टात गेली. २ एप्रिल २०१५ रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, रजिस्ट्रेशन रद्द! कुत्रा आणि मांजर यांत कुणी गोंधळणार नाही, हे कोर्टालाही मान्य होतं. पण साम्य इतकं होतं, की प्युमाच्या प्रसिद्धीचा आयता फायदा मिळत होता. कलेचं स्वातंत्र्य आहे, पण त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या चिन्हावर स्वतःच्या नावाची पाटी लावता येत नाही, असा त्याचा मथितार्थ.

अमेरिकेतली गोष्ट तर आणखी धमाल. मिसूरी राज्यातल्या जिमी विंकलमन या शाळकरी पोराला वर्गातल्या सगळ्यांनी ‘द नॉर्थ फेस’चीच जॅकेटं घालण्याचा कंटाळा आला. म्हणून २००७ मध्ये त्याने ‘द साऊथ बट’ काढलं. तोंड उत्तरेला, तर पार्श्वभाग दक्षिणेला! त्यांचं घोषवाक्य होतं ‘शोध घेणं थांबवू नका’ अशा अर्थाचं, याचं ‘आराम करणं थांबवू नका’. डिसेंबर २००९ मध्ये नॉर्थ फेसने दावा ठोकला. पोराच्या बाजूने उत्तर गेलं, की तोंड आणि पार्श्वभाग यांतला फरक गिऱ्हाइकांना कळतो! दाव्याच्या बातम्यांनी उलट त्याचाच माल जोरात खपला. पण एप्रिल २०१० मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. त्यावर पठ्ठ्याने ‘द बट फेस’ सुरू केलं आणि २०१२ मध्ये पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. विनोद कायद्याच्या कसोटीला उतरतो की नाही, हे शेवटपर्यंत कळलंच नाही.

ते कळलं २०२३ मध्ये, तेही कुत्र्याच्या खेळण्यावरून. जॅक डॅनियल्स व्हिस्कीच्या बाटलीसारखं दिसणारं ‘बॅड स्पॅनियल्स’ नावाचं चघळायचं खेळणं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं. सगळ्या न्यायमूर्तींचं एकमत झालं. दुसऱ्याचा ब्रॅण्ड तुम्ही स्वतःच्या मालाची ओळख म्हणून वापरत असाल, तर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची खास सवलत मिळणार नाही, नेहमीचेच नियम लागतील. केस खाली परत गेली. २०२५ मध्ये खालच्या कोर्टाने ठरवलं, की गिऱ्हाईक गोंधळणार नाही, पण व्हिस्कीच्या नावाला बट्टा लागतो. खेळणं बंद!

आणि आपल्याकडे? दिल्लीत ‘सरदारबख्श कॉफी’ आठवतेय? नाव ऐकूनच हसू फुटायचं. गोलात पगडीवाला चेहरा, अवतीभवती लाटा. स्टारबक्सला हसू आलं नाही. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टात प्रकरण गेलं आणि नाव बदलून ‘सरदारजी-बख्श’ करावं लागलं.

मग जिंकतं कोण?

एवढं वाचल्यावर वाटेल, की मस्करी करायचीच नाही की काय? थांबा. जिंकणारेही आहेत, आणि ते का जिंकले हे बघण्यासारखं आहे.

दक्षिण आफ्रिकेतला जस्टिन नर्स हा तरुण ‘लाफ इट ऑफ’ नावाने विडंबनाचे टी-शर्ट विकायचा. त्याने तिथल्या प्रसिद्ध ‘ब्लॅक लेबल’ बिअरचं लेबल घेतलं आणि एका शब्दात खेळ केला. ‘ब्लॅक लेबर’, म्हणजे काळ्यांची मजुरी. आणि त्याखाली ‘व्हाइट गिल्ट’, म्हणजे गोऱ्यांचा अपराधभाव. बिअरच्या जाहिरातीच्या ओळीला जोडून १६५२ पासून चालत आलेल्या शोषणाचा टोमणा! १६५२ म्हणजे डच लोक केपला येऊन बसले ते वर्ष. बलाढ्य दारू कंपनी चिडली. खालची दोन्ही कोर्टं कंपनीच्या बाजूने गेली. नर्स हटला नाही. २७ मे २००५ रोजी घटनात्मक न्यायालयाने एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती मोसेनेके यांनी कंपनीला विचारलं, की या टी-शर्टमुळे तुमच्या बिअरचा खप कमी होईल याचा पुरावा कुठे आहे? पुरावा नव्हता. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांनी तर स्वतंत्र निकालपत्राची सुरुवातच ‘कायद्याला विनोदबुद्धी आहे का?’ या प्रश्नाने केली. आणि लक्षात घ्या, तिथल्या कायद्याची भाषा आपल्या २९(४) च्या अगदी जवळची आहे.

अमेरिकेत ‘माय अदर बॅग’ ही छोटी कंपनी साध्या कापडी पिशव्या विकायची. एका बाजूला ‘माझी दुसरी बॅग...’ अशी ओळ, दुसऱ्या बाजूला लुई व्हितॉनच्या महागड्या बॅगेचं कार्टून. भाजी आणायची पिशवी दाखवून म्हणायचं, की घरी खरी आहे हं! लुई व्हितॉनने कोर्टात खेचलं आणि २०१६ मध्ये दोनदा हरली, आधी खालच्या कोर्टात, मग अपिलात. कारण विनोद त्या बॅगेच्या तोऱ्यावरच होता.

आपल्याकडचं उदाहरण टी-शर्टचं नाही, एका कॉम्प्युटर गेमचं आहे. ओडिशात धामरा बंदर होत होतं. तिथल्या ऑलिव्ह रिडले कासवांना त्याचा धोका आहे, असं म्हणत ग्रीनपीसने २०१० मध्ये पॅकमॅनसारखा ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ हा गेम काढला. त्यात कासवाच्या मागे लागायचे टाटांचा लोगो मिरवणारे राक्षस! टाटा सन्सने दिल्ली हायकोर्टात दहा कोटींचा दावा लावून गेम थांबवण्याची मागणी केली. २८ जानेवारी २०११ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. टीका करण्यासाठी लोगो वापरणं आणि माल खपवण्यासाठी वापरणं, यात फरक आहे. ग्रीनपीस त्या लोगोवर काही विकत नव्हती. आपल्या मित्राला मात्र ४९९ ला विकायचं होतं.

या तिघांत समान काय? तिघांच्याही विनोदाचं लक्ष्य तो ब्रॅण्डच होता. नर्सला शोषणाबद्दल बोलायचं होतं, पिशवीवाल्यांना श्रीमंतीच्या मिरवणुकीबद्दल, ग्रीनपीसला बंदराबद्दल. लोगो काढून टाकला असता, तर म्हणणंच उरलं नसतं.

ब्रॅण्ड काढा, बघा काय उरतं!

माझ्या मते सगळा फंडा इथेच आहे. डिझाइन समोर ठेवा आणि त्यातून ब्रॅण्ड मनातल्या मनात पुसून टाका. तीन शक्यता आहेत.

एक, विनोद मरतो, कारण तो त्या ब्रॅण्डबद्दलच काहीतरी बोलत होता. मग तुमच्याकडे म्हणणं आहे. लढायची तयारी आणि खिसा असेल, तर जरूर लढा. दोन, विनोद मरतो, कारण मुळात विनोद नव्हताच. दोन अक्षरं इकडची तिकडे केली होती, बाकी चमक सगळी उधारीची. हे छापूच नका, कोर्टाचं सोडा, गिऱ्हाईकही दुसऱ्यांदा येणार नाही. आणि तीन, विनोद जिवंत राहतो. मग तुम्हाला ब्रॅण्डची गरजच काय होती?

पमा मावशी तिसऱ्या गटातली निघाली. प्युमाबद्दल तिला काहीच म्हणायचं नव्हतं, तिला फक्त बस पकडायची होती! मित्र दोन दिवस फुरंगटून बसला. मग त्याने ती पोज टाकली, ती अक्षरं टाकली. आता मावशी मांजरीसारखी झेपावत नाही. एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर, पिशवीतून कोथिंबीर बाहेर आणि कंडक्टरकडे जळजळीत कटाक्ष. खाली मोडीच्या वळणाचं स्वतः काढलेलं अक्षर. नावही नुसतं ‘पमा’ नाही, ‘पमामावशी’. खरं सांगते, पहिल्यापेक्षा हे जास्त हसवतं. कारण अशी मावशी आपल्या सगळ्यांच्या घरात आहे.

पहिल्या खेपेला त्याने ३०० नाही, ६० नग छापले. उरलेला बोनस बँकेत आहे. वडिलांना एक एक्स्ट्रा लार्ज दिलाय. ते काही बोलले नाहीत, पण मॉर्निंग वॉकला घालून जातात म्हणे.

प्रिंटिंगला देण्याआधी...

• ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर सर्च फुकट आहे. नाव आणि चिन्ह दोन्ही तपासा. कपड्यांचा वर्ग आहे २५.

• स्वतःचं डिझाइन असेल तर स्वतः रजिस्टर करा. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, वकिलाची वेगळी. दुसऱ्याच्या लोगोवर बेतलेलं चिन्ह मात्र रजिस्टर करायला जाऊ नका. पूडल आठवा!

• रजिस्ट्रेशन मिळण्याआधी नावापुढे गोलातला ‘आर’ लावू नका, दंड होऊ शकतो. ‘टीएम’ चालतं.

• लोगोचं चित्र हे कॉपीराइटमध्येही येतं. म्हणजे एकाच टी-शर्टवर दोन कायदे.

• सुपरहिरो, कार्टून, सिनेमा हवाच असेल, तर लायसन्स घ्या. मुंबईच्या ‘द सोल्ड स्टोअर’ने अधिकृत लायसन्सच्या मालावरच एवढा मोठा धंदा उभा केला.

• नोटीस आली तर फाडू नका, दुर्लक्ष करू नका आणि रागाच्या भरात सोशल मीडियावर शिव्याही घालू नका. आधी विक्री थांबवा, मग वकील गाठा.

आता एक खटकणारी गोष्टही सांगते. लुई व्हितॉनला हरवणाऱ्या त्या पिशवीवाल्यांचं प्रकरण २०१४ ला सुरू झालं आणि २०१७ पर्यंत चाललं. जिंकायलाही तीन वर्षं लागली. जस्टिन नर्ससुद्धा दोनदा हरून मग जिंकला. म्हणजे कायद्याला विनोदबुद्धी असली, तरी ती जागी होईपर्यंत टिकायला दम लागतो, आणि तो मोठ्या कंपनीकडे आपल्यापेक्षा नेहमीच जास्त असतो. निव्वळ नोटिशीच्या भीतीने किती चांगले, टोचणारे टी-शर्ट कुणाच्या तरी लॅपटॉपमध्येच पडून राहिले असतील, कोण जाणे.

म्हणूनच, पंगा घ्यायचाच असेल तर ज्यात खरंच काही म्हणायचंय अशा विनोदासाठी घ्या. बाकी हसायला आपल्या आजूबाजूला मावश्या, काका, ट्रॅफिक आणि अप्रेझल आहेतच की. त्यांचा ट्रेडमार्क अजून कुणी घेतलेला नाही!